परवाना झाडाचा, जोखीम मजुराची

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले आणि ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने दक्षिण रायगडातील व दापोली-मंडणगडाकडील आगरांत पिढ्यान्‌पिढ्या उभे असलेले माड, पोफळी, आंबे आणि फणस काही तासांत आडवे करून टाकले, तेव्हा त्या वाताहतीचा पंचनामा करावयास तलाठी येण्यापूर्वीच आमच्या गावात एक आवाज येऊन दाखल झाला होता. मोटारसायकलीचा आवाज डब्यात कोंडून पिळून काढावा तसा तो कर्कश, चढत जाणारा आणि मध्येच घोगरा होऊन खाली येणारा आवाज पुढे दोन महिने उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत चालू होता. वीज नव्हती, फोन बंद होते, रस्त्यांवर खोडे पडली होती, घरांची कौले फांद्यांखाली दबली होती. कुऱ्हाड आणि हातकरवत यांच्यावर विसंबून राहिलो असतो तर तो सारा पसारा उपसण्यात वर्ष गेले असते. साखळीकरवतीने, जिला आमच्याकडे लहानथोर सगळे 'कटर' म्हणतात, त्या दोन महिन्यांत कोकणावर जे उपकार केले ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' वादळ किनाऱ्याला घासून गुजरातेकडे गेले, तोवर आमच्या प्रत्येक वाडीत कोणाकडे ना कोणाकडे कटर आलेला होता.

यंत्र आले ते ठीकच झाले; ते ज्या हातांत आले त्या हातांची आपण कोणती तजवीज केली, हा माझा प्रश्न आहे.

आपल्या राज्यात झाड तोडणे ही दप्तरी बाब आहे. १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याने आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ इत्यादी झाडे मालकाच्या स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीवाचून तोडण्यास मनाई केली. शहरांसाठी १९७५ साली निराळा कायदा झाला, वृक्ष प्राधिकरणे आली, वृक्ष अधिकारी आले. अर्ज करावा, सातबाराचा उतारा जोडावा, झाडाचा घेर मोजून घ्यावा, कारण लिहून द्यावे, हा सगळा सोपस्कार मी स्वतः केलेला आहे आणि त्याविषयी माझी तक्रार नाही, कारण झाडाला स्वतःची बाजू मांडता येत नसल्यामुळे ती कोणीतरी दप्तरात मांडून ठेवणे योग्यच आहे. परंतु तो परवाना हातात पडल्यावर ते झाड कोण तोडणार, त्याला ते यंत्र चालवता येते काय, त्याच्या पायांत वहाणा आहेत की बूट, यंत्राचा ब्रेक चालतो की नाही, यांपैकी एकही प्रश्न त्या कागदावर कोठे विचारलेला नसतो. झाडाच्या घेराची नोंद आहे. माणसाच्या मांडीची नाही.

ही गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली, आणि आली ती माझ्याच आगरात. निसर्ग वादळात आमच्या गोठ्यामागचा जुना फणस मुळांसकट उलथला. खोड गोठ्याच्या गडग्यावर टेकलेले, आणि बुंध्याकडे मुळे व त्यांना बिलगलेली माती मिळून दीड पुरुष उंचीची भिंत उभी राहिलेली, अशी त्याची अवस्था होती. बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा कटर घेऊन आला; बरोबर हाताखाली एक प्रौढ गडी. मी मजुरीची घासाघीस केली, दिवसावर न देता काम उक्ते ठरवले, आणि दुपारपर्यंत गोठा मोकळा झाला पाहिजे असा तगादाही लावला. मुलाने बुंध्यापासून हातभर अंतरावर कटर लावला. हाताखालचा गडी मुळांच्या त्या भिंतीआड, खड्ड्याच्या काठावर सावली होती म्हणून विडी ओढत बसला होता. तेलाचा डबा हवा म्हणून त्याला हाक आली आणि तो उठून आला. मिनिटभरातच खोड तुटले, आणि त्याच्या वजनाने जी मुळे वर उचलली गेली होती ती ते वजन सुटताच आपल्या मूळच्या जागी परत गेली. एखादे मोठे दार आदळावे तसा आवाज झाला. खड्डा मिटला. विडीचे थोटूक जेथे पडले होते ती जागा आता जमिनीखाली होती. आम्ही तिघांनीही बराच वेळ तोंडातून शब्द काढला नाही. शेवटी मी त्या मुलाला विचारले, "हे काम तू शिकलास कोणाकडे?" तो प्रामाणिकपणे म्हणाला, "अण्णा, त्यात शिकायचं काय हाय? दोरी ओढली की सुरू होतं."

त्याचे चुकले असे मला म्हणवत नाही. ज्या दुकानातून त्याने यंत्र घेतले तेथे त्याला पेट्रोल कोठे ओतायचे आणि दोरी कशी ओढायची एवढेच दाखवले होते, आणि यंत्राबरोबरची पुस्तिका त्याला न येणाऱ्या भाषेत होती. कुऱ्हाड आणि हातकरवत यांची गोष्ट निराळी होती. मोठ्या खोडाची फळी पाडणाऱ्या करवत्यांची जोडी असे. एक वर, एक खाली, आणि खालचा बहुधा वरच्याचा पुतण्या किंवा भाचा. त्याला वर चढू देईपर्यंत दोन-तीन पावसाळे जात. त्या हत्याराचा वेग माणसाच्या दमाएवढाच असल्यामुळे चूक झाली तरी ती सावकाश होई, आणि हात थांबला की पाते थांबे. कटरला घराणे नाही. तो खोक्यातून येतो.

आणि तो येतो फार लांबून. १८३० साली बर्नहार्ड हाइने नावाच्या जर्मन वैद्याने हाड कापण्यासाठी हाताने फिरवावयाची साखळीची करवत बनवली होती. म्हणजे हे हत्यार प्रथम माणसाच्या अंगासाठीच घडले आणि मग झाडाकडे वळले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १९२६ साली आंद्रेआस श्टील याने श्टुटगार्ट येथे विजेवर चालणारी जी साखळीकरवत तयार केली तिचे वजन ६४ किलो होते आणि ती उचलावयास दोन माणसे लागत. १९२९ ची पेट्रोलवरची ४६ किलोंची. एका माणसाने एकट्याने वापरण्याजोगे पेट्रोलचे यंत्र त्या कारखान्याने १९५० साली काढले. आज बाजारात मिळणारे मधल्या आकाराचे यंत्र पाच-सहा किलोंचे असते. वजन उतरले, तशी जोडीदाराची गरज संपली, आणि जोडीदार गेला तेव्हा चुकीवर नजर ठेवणारा दुसरा डोळाही गेला.

साखळीच्या दातांची कथा तर मोठी रंजक आहे. आरंभीच्या साखळ्यांचे दात हातकरवतीच्या दातांसारखेच असत आणि त्यांना धार लावता लावता कारागीर मेटाकुटीला येत. १९४६ साली अमेरिकेतील ऑरेगन प्रांतात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला एका बुंध्यात बोटाएवढी अळी लाकूड पोखरताना दिसली. ती आपले जबडे डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे चालवीत लाकडाच्या रेषांना जुमानत नव्हती. कॉक्सने तिचे जबडे न्याहाळून तसे एकाआड एक डावे-उजवे वळलेले दात घडवले, पुढच्या वर्षी पोर्टलंड येथे कारखाना काढला, आणि आज आमच्या गावातल्या कटरवर जी साखळी फिरते तीही त्याच अळीच्या वंशातली आहे.

ही साखळी पूर्ण गतीत सेकंदाला सुमारे २० मीटर धावते, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. ती ज्या लांबट पट्टीभोवती फिरते तिच्या खालच्या कडेवर ती माणसाकडे येत असते, वरच्या कडेवर माणसापासून दूर जात असते, आणि टोकाशी वळण घेऊन खाली उतरत असते. खालच्या कडेने कापताना यंत्र लाकडाकडे ओढले जाते, वरच्या कडेने कापताना अंगावर लोटले जाते; ही दोन्ही ओढाताण सवयीने सांभाळता येते. पण पट्टीच्या टोकाचा जो वरचा चतकोर, तो कशाला टेकला, मग ती पलीकडची न दिसणारी फांदी असो, दगड असो की गडग्यात दडलेला जांभा, तर तेथे अडलेल्या दातांना पुढे जाता येत नाही आणि इंजिनाचा सगळा जोर उलटून पट्टीला वर आणि मागे फेकतो. चालवणाऱ्याचा चेहरा, मान आणि डावा खांदा नेमके त्याच वाटेवर असतात. ही उसळी डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पूर्ण होते, आणि म्हणून 'मी सावध असतो' या वाक्याला येथे काही अर्थ नाही. जे घडून गेल्यावर कळते त्याबद्दल कोणी सावध कसे राहावे? येथे उपयोगी पडतो तो आधीच घडवलेला अभ्यास. पुढच्या दांड्याला डाव्या हाताचा अंगठा खालून वळसा घालून असावा, डावे कोपर ताठ असावे, डोके पट्टीच्या रेषेत नसावे, आणि खांद्याच्या वर यंत्र उचलून कापूच नये. दांड्यापुढे जी ढालीसारखी पट्टी असते, जिला आमची मुले 'हात अडकतो' म्हणून काढून ठेवतात, ती वास्तविक साखळीच्या ब्रेकचा खटका आहे. उसळीच्या वेळी मनगट तिला लागते किंवा धक्क्यानेच ती पुढे पडते, आणि साखळी निमिषार्धात थांबते. ती ढाल काढून ठेवलेले कटर मी आमच्या तालुक्यात इतके पाहिले आहेत की एखाद्यावर ती शाबूत दिसली तर यंत्र नवे असावे असा मी अंदाज बांधतो.

वादळात पडलेले झाड उभ्या झाडापेक्षा कपटी असते, हे आता मला माझ्या फणसाने शिकवले आहे. उभ्या झाडाचा हिशेब तुलनेने सरळ. ज्या अंगाला पाडायचे त्या अंगाला खोडाच्या सुमारे चौथ्या हिश्शाएवढी खाच घ्यावी, मागून तिच्या थोडे वर कापत यावे, आणि मधे व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढे लाकूड बिजागरीसारखे शिल्लक ठेवावे, म्हणजे झाड त्या बिजागरीवर वळून हवे तेथे पडते. दोन झाडे पुरतील एवढ्या अंतरात दुसरा माणूस नसावा, आणि तोडणाऱ्याने मागे तिरकस पळण्याची वाट आधीच साफ करून ठेवलेली असावी. पण पडलेल्या खोडात ताण कोंडलेला असतो. दोन्ही टोके टेकलेली आणि मध्य अधांतरी असेल तर वरची बाजू दाबलेली व खालची ताणलेली असते. तेव्हा वरून तिसरा हिस्सा कापून उरलेले खालून कापावे. एक टोक मोकळे लोंबकळत असेल तर याच्या नेमके उलट. हा क्रम चुकला तर पट्टी लाकडात चिमटते किंवा खोड फाटून उसळते. वाकून अडकलेली कोवळी फांदी धनुष्यासारखी सुटते. माड-पोफळींच्या खोडाला तर वर्षवलयेच नसतात. बाहेर कठीण तंतू आणि आत मऊ भेंडासारखा गर, त्यामुळे आंब्यावर बसलेला हात माडावर फसतो.

देखभालीचा विषय वर्तमानपत्रात मांडावा की नाही असा मला क्षणभर संकोच वाटला, कारण वाचकांपैकी बहुतेकांनी कानस हातात धरलेली नसेल. परंतु अपघाताचे मूळ पुष्कळदा तेथेच असते आणि म्हणून तो टाळता येत नाही. धार असलेली साखळी लाकडाचे सोलीव तुकडे फेकते, बोथट साखळी पिठासारखा भुसा काढते. हा भुसा पाहताच काम थांबवून धार लावायला बसले पाहिजे, कारण बोथट साखळी आपणहून लाकडात शिरत नाही आणि मग माणूस तिच्यावर अंगाचा भार टाकतो. भार टाकलेला माणूस खोड तुटताच तोल जाऊन पुढे पडतो. धारेसाठी गोल कानस लागते, तीही साखळीच्या मापाची: लहान साखळीला ४ मिलिमीटर, मधलीला ४.८, त्याहून मोठीला ५.२ किंवा ५.५. ती बहुतेक साखळ्यांवर ३० अंशांच्या कोनात, आतून बाहेर अशी एकाच दिशेने, प्रत्येक दातावर मोजून तितकेच हात मारीत चालवावयाची. एका बाजूचे दात अधिक घासले गेले की कटर सरळ कापायचे सोडून गोलाई घेऊ लागतो. प्रत्येक दातापुढे एक बुटका खुंट असतो आणि तो दाताच्या धारेपेक्षा अवघा अर्धा-पाऊण मिलिमीटर खाली असतो. दाताने किती मोठा घास घ्यावा हे तो ठरवतो. काम लवकर उरकावे म्हणून तो खुंट कानशीने खाली उतरवणारे महाभाग आहेत. त्यांच्या साखळीचा घास मोठा होतो आणि उसळीही मोठी होते.

साखळीचा ताण रोज पाहावा: हाताने ओढून ती पट्टीवर सरकली पाहिजे, पण तिचे खालचे दुवे खाचेतून बाहेर येता कामा नयेत. काम संपल्यावर ती सैल करून ठेवावी, कारण तापलेली साखळी निवताना आखडते आणि तिचा ओढा इंजिनाच्या दांड्यावर येतो. पट्टी अधूनमधून उलटी करून बसवावी, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. साखळीच्या टाकीत गॅरेजमधले जळके ऑइल ओतण्याचा रिवाज आमच्याकडे सर्रास आहे. ते फुकट मिळते हे खरे. पण त्यातील धातूचा चुरा पंप आणि पट्टी दोन्ही खातो, आणि साखळीवरून उडणारे ते काळे, अपायकारक तेल दिवसभर चालवणाऱ्याच्या हातांवर बसते. पेट्रोलात टू-टी ऑइल किती घालावे याविषयी तर जेवढी डोकी तेवढी मते. चांगल्या प्रतीचे असेल तर बहुतेक यंत्रांना लिटरला २० मिलिलिटर, साधे असेल तर ४०, एवढे सोपे गणित बाटलीच्या झाकणाने 'अंदाजे' केले जाते. आता पेट्रोलात इथेनॉल असल्यामुळे ते हवेतील ओलावा शोषते, आणि कोकणच्या पावसाळ्यात महिनाभर टाकीत राहिलेले मिश्रण इंजिनाला नेमके नको तेव्हा धोका देते. इंजिन गरम असताना, विडी ओठात ठेवून, टाकी भरणाऱ्या वीरांविषयी मी लिहिणार नाही.

कपड्यांकडे वळतो. साखळीकरवतीसाठी खास विजार मिळते. तिच्या आत लांब, चिवट धाग्यांचे अनेक थर असतात. साखळी कापडाला लागताच ते धागे उपसले जाऊन चक्रात गुरफटतात आणि यंत्र जागच्या जागी घुसमटून थांबते. युरोपातील मानकाप्रमाणे तिच्या पहिल्या प्रतीची कसोटी सेकंदाला २० मीटर वेगाच्या साखळीवर घेतात. कल्पना उत्तम आहे. परंतु वैशाखात, समुद्रापासून अर्ध्या कोसावर, घामाने सदरा पिळून काढावा लागतो अशा हवेत ती गोधडीसारखी विजार दिवसभर घाल, असे मजुराला सांगणारा माणूस सावलीत उभा असतो, हे मी विसरत नाही. यावर तोडगा निघतो. काम पहाटे सुरू करून दहाला थांबवता येते, पूर्ण विजारीऐवजी पुढून बांधायचे त्याच जातीचे आच्छादन वापरता येते, आणि तासातासाने यंत्र खाली ठेवता येते. शिरस्त्राण, जाळीचा पडदा, कान झाकणारे कवच आणि बूट यांना तर हवेची सबबही नाही. या यंत्राचा आवाज शंभर डेसिबेलांच्या वर जातो, आणि आमच्या गावातले दोन जुने कटरवाले आता हाक मारली तर वळून पाहत नाहीत.

हातांचेही तसेच. जपानमध्ये १९६० च्या दशकात सरकारी जंगलांतील कामगारांची बोटे सतत हादऱ्यांनी मेणासारखी पांढरी पडू लागली, आणि तेथे दिवसाला दोन तासांहून अधिक काळ साखळीकरवत हातात धरू नये असे बंधन घालावे लागले. हल्लीच्या चांगल्या यंत्रांना हादरे शोषणाऱ्या गादीचे दांडे असतात. आपल्या उष्ण हवेत बोटे तशी पांढरी दिसत नाहीत, एवढाच फरक. बधिरपणा येतोच, आणि तो रात्री येतो.

आता ही जबाबदारी कोणाची? कटर स्वतःचा, पेट्रोल स्वतःचे, काम उक्ते, अशा स्थितीत तो मुलगा कोणाचाच नोकर नसतो. बागायतदार म्हणतो, मी ठेका दिला. ठेकेदार म्हणतो, त्याचे त्याने पाहावे. ग्रामपंचायत रस्त्यावरचे झाड उचलायला सांगते तेव्हा वर्ग करण्याजोगा खर्च एवढाच तिचा संबंध. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण जुन्या काळी झाडांविषयी होती. आता दांडा प्लास्टिकचा झाला आहे, आणि गोत उरले आहे ते माणसांचे. उक्त्या कामात प्रत्येक सुरक्षित गोष्ट मजुराच्या खिशातून जाते. धार लावण्यात गेलेला अर्धा तास त्याचा, थांबून ताण तपासण्यात गेलेली दहा मिनिटे त्याची, आणि या सगळ्याला फाटा देऊन लवकर संपवलेल्या कामाचा लाभ मात्र आपला.

काही मित्र म्हणतात की यंत्रालाच परवाना लावावा. फिलिपाइन्सने २००२ साली तसा कायदा केलेला आहे. तेथे साखळीकरवत बाळगावयास नोंदणी लागते, पण त्याचा मुख्य हेतू चोरटी जंगलतोड आवरणे हा आहे. मला तो मार्ग आपल्यासाठी पसंत नाही. आपल्याकडे परवाना म्हणजे खिडकी, खिडकीमागे कारकून, आणि कारकुनापुढे दिवसाची मजुरी बुडवून उभा असलेला तोच मुलगा. शिवाय पुढचे वादळ आले की पहिल्याच दिवशी नियमाला सूट द्यावी लागेल. ब्रिटनमध्ये झाडांच्या कामावर साखळीकरवत चालवणाऱ्या कामगाराकडे प्रावीण्याचे प्रमाणपत्र असावे लागते, तो रस्ता अधिक शहाणपणाचा आहे, कारण त्यात यंत्राची नव्हे तर माणसाची परीक्षा होते आणि त्या परीक्षेतून त्याच्या मजुरीलाही वजन येते.

आपल्याला त्यासाठी परदेशाकडे पाहण्याचेही कारण नाही. नारळ विकास मंडळाने २०११ साली केरळात 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' नावाने माडावर चढणाऱ्या तरुणांचे प्रशिक्षण सुरू केले. थोड्या दिवसांचा वर्ग, चढण्याचे यंत्र, आणि सोबत अपघात विमा. माडावर चढणे हेही बापाकडून मुलाकडे येणारे आणि मग अचानक खुंटलेले कसब होते, आणि त्याची जागा वर्ग भरून घेता येते हे त्या योजनेने दाखवून दिले. दापोलीला १९७२ पासून कोकण कृषी विद्यापीठ आहे, तेथे वनशास्त्राचे महाविद्यालय आहे, जुन्या आंब्यांचे पुनरुज्जीवन कसे करावे याच्या शिफारशी त्याच विद्यापीठाने बागायतदारांना दिल्या आहेत. त्या शिफारशींप्रमाणे जाड फांद्या छाटावयास झाडावर चढतो तो कटरवालाच, एका हाताने फांदी आणि एका हाताने यंत्र धरून. मग त्याच्यासाठी पाच दिवसांचा वर्ग तेथेच, आमच्या बोलीत, पडलेले खोड समोर ठेवून का भरू नये? शेतीच्या यंत्रांना अनुदान देणाऱ्या शासनाने कटरच्या अनुदानाला या वर्गाच्या दाखल्याची आणि त्या विजार-शिरस्त्राणाची जोड द्यावी. झाड तोडण्याच्या परवानगीच्या अर्जात तोडणाऱ्याचे नाव, त्याचा दाखला आणि विम्याचा क्रमांक यांसाठी एक ओळ वाढवावी. आणि नगरपालिकांनी व ग्रामपंचायतींनी आपल्या निविदांत ती अट घालावी. एका ओळीने दप्तराला काही भार होणार नाही.

हे होईल तेव्हा होईल. तूर्त मी माझ्यापुरता एक नेम केला आहे. गेल्या कार्तिकात दोन जुने हापूस छाटावयाचे होते म्हणून त्याच मुलाला बोलावले. आता तो सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. विसार देण्यापूर्वी मी त्याला यंत्र जमिनीवर ठेवून, मागच्या दांड्यात पाय घालून सुरू करावयास आणि मग उचलून रेस देऊन पुढची ढाल दाबून दाखवावयास सांगितले. ढाल होती. साखळी मात्र थांबली नाही. त्याने मान खाली घातली, विहिरीच्या काठावर बसून झाकण उघडले, आणि आतल्या ब्रेकच्या पट्ट्याभोवती तेलात भिजून घट्ट बसलेला भुसा पेचकसाने खरवडीत बसला. शेजारचे बागायतदार गडग्यावरून हे पाहत होते. काम सुरू होईपर्यंत साडेदहा झाले. दिवसाचा हिशेब केला तेव्हा तो खरवडण्यात गेलेला तास मी मजुरीत धरला. पुढच्या आठवड्यात शेजाऱ्यांनीही त्यालाच बोलावले, त्यांनीही ढाल दाबून पाहिली, आणि संध्याकाळी पैसे देताना साखळीला धार लावण्यात गेलेला पाऊण तास वजा केला.